पुढच्या सीटची भीड

एअरबॅग असली की माणूस वाचतो, असं मी धरून चाललो होतो. किती वेळा वाचतो असं कोणी विचारलं असतं, तर शंभरात नव्वद वेळा म्हणालो असतो, आणि तेही हातचं राखून. अमेरिकेत रस्ते-सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेचा, प्रत्यक्ष अपघातांवरून मांडलेला हिशेब वेगळा आहे. समोरून झालेल्या धडकांमध्ये कसलंच संरक्षण नसतं तर पुढच्या सीटवरची जी शंभर माणसं दगावली असती, त्यांतली नुसत्या एअरबॅगने ३४ वाचतात. नुसत्या बेल्टने ५० वाचतात. दोन्ही असतील तर ६१. बाकीची ३९ तरीही जातात.

म्हणजे बेल्ट लावलेल्या शंभरांत एअरबॅग आणखी अकरा जणांना वाचवते. अकरा काही थोडे नाहीत. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१७ पर्यंत पुढच्या एअरबॅगनी एकट्या अमेरिकेत ५० हजारांवर जीव वाचवले. त्या अकरांत उद्या माझं माणूस असेल, तर मला दुसऱ्या कुठल्या आकड्याशी कर्तव्य उरणार नाही. पण प्रश्न माझ्या नव्वदचा आहे. ते मी आणले कुठून?

जाहिरातींतून आणले, ‘एअरबॅग उघडल्यामुळे बचावले’ या बातम्यांतून आणले, असं म्हणून सुटता येईल. पण खरं कारण जवळचं आहे. एअरबॅग माझ्याकडे काही मागत नाही. बेल्ट रोज लावावा लागतो, पाय ॲक्सिलरेटरवरून पुन्हा पुन्हा काढावा लागतो, मागे बसलेल्यांना प्रत्येक प्रवासात तेच तेच सांगावं लागतं. एअरबॅगचे पैसे एकदा भरले की संपलं. आता आम्ही गाडी बदलतो आहोत. सहा एअरबॅगवाल्या मॉडेलचे वरचे पैसे ऐकून मी एरवीसारखी घासाघीस केली नाही, लगेच हो म्हटलं. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा माणूस मी. मग हे औदार्य आलं कुठून, ते जरा तपासून पाहावंसं वाटतं.

एअरबॅगचा उपयोग मोजायची संशोधकांची एक रीत वाचली आणि ती मला घरापर्यंत येऊन टोचली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेत बऱ्याच गाड्यांना फक्त चालकापुढे एअरबॅग असे, शेजारच्या सीटपुढे नसे. गाडी तीच, धडक तीच, क्षण तोच. एका बाजूला फुगा आणि दुसऱ्या बाजूला नाही. अशा धडकांत चालक किती गेले आणि शेजारचे किती, हे ताडून पाहिलं की वेग, रस्ता, पाऊस, दारू हे सगळे फरक आपोआप गळून पडतात. हुशार रीत आहे.

आपल्याकडे नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची सक्ती नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ मध्ये आली, आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना त्या वर्षाच्या अखेरीस. आमची गाडी २०२०ची, बेस मॉडेल. स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅगची खूण म्हणून एसआरएस ही अक्षरं आहेत. डावीकडे डॅशबोर्डवर नुसतं गुळगुळीत प्लास्टिक आहे, आणि त्यापुढे माझी बायको बसते. म्हणजे त्या संशोधकांना हवी तशी जोडी आम्ही इतकी वर्षं कोल्हापूर-पुणे हिंडवतो आहोत.

तिनं तिथं बसावं असं कायद्याने सांगितलेलं नाही. तिचं लायसन्स माझ्या आधीचं आहे. गावात तीच गाडी चालवते. गाव सोडलं की मी चालवतो. हे कधी ठरलं? ठरलंच नाही. मला लांबचं गाडी चालवायला आवडतं, हे खरं आहे. त्या आवडीबरोबर फुगा असलेली सीटही माझ्याकडे आली, हेही तितकंच खरं आहे. बेल्ट ती न चुकता लावते, म्हणजे त्या ६१ मधले ५० तिचे आहेतच. वरचे अकरा मात्र दर वेळी माझ्या वाट्याला येतात. घरात कोणी वाटणी केली नाही, कोणाच्या मनात पाप नव्हतं, तरी वाटणी झाली. घरातल्या बऱ्याच वाटण्या अशाच होतात, पण तो विषय इथं नको.

या वस्तूचा जन्म मात्र वेगळ्या भावनेतून झालेला आहे. १९५२ साली पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचा एक इंजिनिअर बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीने चालला होता. मुलगी पुढेच बसलेली. अचानक समोर अडथळा आला, त्यानं गाडी वळवली, ती रस्त्याकडेच्या चरात गेली. कोणाला फारसं लागलं नाही. पण ब्रेक दाबताना आपला आणि बायकोचा हात एकाच वेळी मुलीच्या पुढे आडवा गेला, हे त्याच्या डोक्यातून जाईना. धडकेच्या वेळी असा हात गाडीतूनच का बाहेर येऊ नये? पुढच्या वर्षी त्याला पेटंट मिळालं. एअरबॅग म्हणजे मुळात लेकरापुढे आडवा गेलेला आईबापाचा हात.

त्याच हाताने पुढे लेकरं मारली. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत, कमी वेगाच्या धडकांमध्ये, खुद्द एअरबॅगच्या फुगण्याने २९०हून अधिक माणसं गेली. त्यांतले बहुतेक शेजारच्या सीटवरचे होते, आणि त्या शेजारच्या सीटवरच्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं आणि तान्ही बाळं. साध्या टकरीत, जिथं एरवी टेंगळावर निभावलं असतं. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. तिचं कापड झाकण फोडून ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येऊ शकतं. माणसाचं डोकं तिथं पोचायच्या आत ती फुगून तयार असावी लागते, तरच ती उशी. फुगत असतानाच डोकं तिच्या तोंडाशी असेल तर तो ठोसा. करकचून ब्रेक लागल्यावर बेल्ट नसलेलं मूल घसरत डॅशबोर्डला टेकतं, नेमकं त्या झाकणासमोर. तोंड मागे करून बसवायच्या बाळाच्या सीटमध्ये तर डोकं आधीपासूनच तिथं असतं.

इतका जोर कशासाठी? कारण नियमच तसा होता. बेल्ट न लावलेला, सरासरी बांध्याचा पुरुषी पुतळा ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेतून वाचला पाहिजे, अशी अट होती. त्या काळी अमेरिकेत बेल्ट लावणारे थोडे होते; १९८४ पर्यंत एकाही राज्यात मोठ्यांना बेल्टची सक्ती नव्हती. लोकांना बेल्ट लावायला लावणं अवघड, तेव्हा न लावणाऱ्यालाही झेलेल असा जोरकस फुगा बसवा, असं ठरलं. तो जोर बसला पोरांवर, आणि स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या बायकांवर. पुढे जोर कमी केला, सीटवरचं वजन ओळखणारी यंत्रं आली. फुग्याने झालेल्या त्या मृत्यूंपैकी जवळजवळ नव्वद टक्के १९९८ पूर्वीच्या गाड्यांमधले आहेत. मला यात एका सरकारची भीड दिसते. बेल्ट न लावणाऱ्याला दुखवायचं नाही, त्याऐवजी यंत्राकडून काम करून घ्यायचं. किंमत मोजली ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं त्यांनी.

भीड हा माझाही जुना दागिना आहे.

आमची गाडी पाच सीटांची, आणि लग्नाकार्याला आम्ही सहा जण निघतो. मी, बायको, आई, अप्पा, आत्या आणि लेक. सहावी सीट म्हणजे अप्पांची मांडी. लग्नाला जाताना बायको मागे जाते, अप्पा पुढे बसतात, लेक त्यांच्या मांडीवर. चौकात पोलीस दिसला की अप्पा बेल्ट ओढून तिच्यासकट स्वतःभोवती घेतात, आणि क्लिक असा आवाज आला की माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवतात. एका बेल्टमध्ये दोघं. धडकेत अप्पांचं सत्तर किलो वजन कितीतरी पट होऊन मागून तिला त्या पट्ट्यावर दाबणार, हे मला माहीत आहे. मी एकदा चाचरत म्हटलंही, “अप्पा, तिला मागे देऊ या का?” ते म्हणाले, “अरे, मी धरलंय ना तिला.” झालं. मी गिअर टाकला.

ताशी पन्नासच्या वेगातून गाडी एका झटक्यात थांबली, तर सोळा किलोच्या मुलीला धरून ठेवायला काहीशे किलोचा जोर लागतो. अप्पांच्या हातात तो नाही, माझ्याही नाही, कोणा पहिलवानाच्याही नाही. पण ‘तुमच्या हातांवर माझा भरवसा नाही’ हे वाक्य अप्पांना ऐकवायचं कसं? याच हातांनी मला सायकल शिकवली. हे झालं भिडेचं शोभिवंत कारण. याखाली दुसरंही आहे, तितकंसं शोभिवंत नसलेलं. नातेवाइकांत ‘फार शहाणा झालाय’ असं मला म्हणवून घ्यायचं नाही. लग्नघरी ‘ह्याच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी लेक्चर’ ही थट्टा मला नको असते. जिवाच्या भीतीपेक्षा थट्टेची भीती जास्त भरते, हे लिहिताना विचित्र दिसतं, पण गाडीत बसल्यावर ते रोज तसंच असतं.

आणि आता नवी गाडी. जुन्या गाडीत डावीकडे फुगाच नाही, त्यामुळे मांडीवरच्या मुलीला डॅशबोर्डचं भय होतं, फुग्याचं नव्हतं. नव्या गाडीत तिच्या तोंडासमोर झाकण असणार. म्हणजे मी जास्त पैसे देऊन घेतलेली सुरक्षितता, सवय न बदलता वापरली तर माझ्या मुलीला जास्त घातक. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला. गाडीतल्या बाकीच्यांचं किरकोळ दुखापतींवर निभावलं. ती बातमी आमच्या घरी सगळ्यांनी वाचली, हळहळलो, आणि पुढच्या रविवारी लेक पुढेच बसली.

तेव्हा माझं औदार्य कशाचं होतं ते मला कळून चुकलं आहे. टॉप मॉडेलचे वरचे पैसे हा अप्पांशी एक वाक्य न बोलण्याचा मोबदला आहे.

शोरूममध्ये विक्रेता बोटं मोजत सांगत होता. “सर, दोन पुढे, दोन सीटच्या बाजूला, दोन पडद्यासारख्या खिडक्यांवर. सहा.” सहा सक्तीच्या करायचा सरकारचा विचार २०२२ मध्ये पुढे आला, वर्षभर लांबला, आणि २०२३ मध्ये मंत्र्यांनीच सक्ती करणार नाही असं सांगितलं, पण गिऱ्हाइकाच्या मनात सहा हा आकडा बसला तो बसलाच. विक्रेत्याने बेल्टबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. शेजारी एका कुटुंबाला गाडीची डिलिव्हरी चालू होती. हार, नारळ, बंपरखाली लिंबू. शोरूमच्याच मुलीनं भेट म्हणून सोनेरी गणपती आणला, खालच्या चिकटपट्टीचा कागद सोलला आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर, एअरबॅग या कोरलेल्या अक्षरांवर, तो नीट मधोमध दाबून बसवला. अक्षरं झाकली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धडक झाली तर ते झाकण त्या मूर्तीसकट उघडणार होतं, आणि समोर त्या घरची नवी सून बसायची होती. मी सनवायझर खाली ओढून त्यावरची पिवळी सूचना वाचत असल्यासारखा उभा राहिलो. परक्या माणसाला शुभप्रसंगी कशाला सांगायचं, असं मनाशी म्हटलं. घरच्यांच्या बाबतीतही माझं वाक्य हेच असतं, फक्त ‘परक्या’ हा शब्द तेवढा गळतो.

बेल्ट न लावता बेल्टचा पीं-पीं आवाज बंद करणारी क्लिप मिळते. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती विकणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई केली, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. काही गाड्यांमध्ये बेल्ट लावला आहे की नाही हे पाहून एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. बेल्ट असेल तर ती जरा मोठ्या धडकेची वाट पाहते, कारण तेवढं बेल्ट सांभाळतो. क्लिप अडकवणारा माणूस शेवटी त्या बिचाऱ्या यंत्राशीच खोटं बोलतो. आमच्याकडे क्लिप नाही, याचं मला कौतुक वाटत होतं. मग लक्षात आलं की पोलीस दिसल्यावर होणारा अप्पांचा क्लिक आणि त्यावर मी गप्प राहणं हीसुद्धा एक क्लिपच, बिनपैशाची.

अप्पांना मागे पाठवलं म्हणजे भागलं, असंही नाही. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ चारोटीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री बसलेली गाडी कठड्यावर आदळली. उत्तम गाडी, भरपूर एअरबॅग. पुढचे दोघं जखमी झाले, वाचले. मागचे दोघं गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती करायची मोहीम निघाली, आम्ही महिनाभर लावले, मग मागच्या सीटच्या कव्हरखाली ती बकलं पुन्हा गडप झाली. ती हातानं खणून वर काढावी लागतील.

वेगाबद्दल बोलायला मी फारसा उत्सुक नाही, म्हणून तेही सांगायला हवं. सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने आपटतात. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ छोट्या गाड्या अशाच आपटल्या, पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यांतल्या तिघींचा सांगाडाच असा चेपला की एअरबॅग लावूनही उपयोग नाही, असं त्यांनी म्हटलं. आता गाड्या पुष्कळ सुधारल्या. पण समृद्धी महामार्गावर मी ज्या १२० ने जातो, त्या वेगातली ऊर्जा ६४ च्या साडेतीन पट असते. तिथं उभ्या ट्रकच्या मागे गाडी घुसली तर बोनेट खालून जातं आणि काच आधी भिडते. त्या हिशेबात फुगा येतच नाही. हे मला आधीही माहीत होतं. तरी सहा एअरबॅग ऐकल्यावर मनात पहिली आली ती नागपूरपर्यंत किती तासांत, ही गोष्ट. आणि गाडीबाहेरच्यांचं काय? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. माझ्या वाढलेल्या धिटाईचा धक्का यांना बसणार, आणि यांच्यासाठी कुठल्याच मॉडेलमध्ये काही बसवलेलं नसतं.

बायकोनं बुकिंगचा कागद वाचला. “मुलीची सीट कुठंय यात?” तिनं विचारलं. यादीत सीट कव्हर होतं, मॅट होत्या, परफ्यूम होता. लहान मुलाची सीट नव्हती; ती वेगळी घ्यावी लागते. ती आम्ही मागवली आहे, मागच्या डाव्या खिडकीशी बसेल. बायकोला उंचीमुळे स्टिअरिंगजवळ सरकावं लागतं, तर छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभर अंतर राहील अशी सीट लावून घ्यायची, आणि येताना सातारा ते पुणे तिनं चालवायचं, हेही ठरलं. गणपती मधे, एसीच्या झडपांच्या वर. हे सगळं दहा मिनिटांत झालं, कारण यातलं काहीच अप्पांना सांगायचं नव्हतं.

राहिला हिशेब माणसांचा. लेकीची सीट बसवली की मागे दोघंच मावतात. सहातला एक कमी होतो. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला मावसभावाचं लग्न आहे. अप्पांची मांडी रिकामी होणार, ते त्यांना मीच सांगणार आहे. आत्याला एसटीनं यावं लागेल, ते कोणी सांगायचं यावर अजून आमच्यात बोलणी चालू आहेत.